धनुष्य हाती आलेला सहृदय

आस्वाद, विश्लेषण आणि मूल्यमापन असा समीक्षाव्यवहाराचा क्रम मानण्याची प्रथा मराठीत स्थिरावलेली आहे. कलाकृतीचा आस्वाद आधी घ्यावयाचा, तिच्या घटकांचे परस्परसंबंध मग उलगडावयाचे आणि अखेरीस तिच्या श्रेष्ठकनिष्ठतेविषयी काही म्हणावयाचे, हा तो क्रम. यांतील तिसऱ्या पायरीशी पोहोचता पोहोचता बहुतेक समीक्षक थबकतात. निवाडा देणे हे काहीसे उग्र, काहीसे असंस्कृत कृत्य आहे अशी एक जाणीव विद्यापीठीय समीक्षेत मुरलेली आहे. समीक्षकांचा एक वर्ग मात्र असा आहे की ज्याला ही पायरी टाळण्याची सोय नाही. व्हिडिओ गेमचा, त्यातही ॲक्शन आणि शूटर या प्रकारांतील खेळांचा नियतकालिकांतून परीक्षण लिहिणारा समीक्षक निवाडा देण्यासाठीच नेमलेला असतो. खेळ बाजारात येण्याच्या काही दिवस आधी तो त्याच्या हाती पडतो. ठरल्या घटकेपूर्वी मत प्रसिद्ध करावयाचे नाही, अशी अट त्यासोबत असते. पंधरावीस तासांचा खेळ दोनतीन रात्रींत संपवावयाचा, हजारभर शब्द लिहावयाचे आणि शेवटी दहापैकी किती ते सांगावयाचे, असा त्याचा व्यवसाय. चाळिशी ओलांडली की त्याचा अंगठा आणि डोळा यांमधील अंतर वाढू लागते. विशीत ज्या काठिण्यपातळीवर तो सहज खेळत असे, तिच्यावरून एक पायरी खाली उतरावे लागते. परीक्षणात हे सांगावयाचे की नाही, हा प्रश्न त्याला पडतो. साहित्याच्या समीक्षकाला असा प्रश्न पडत नाही. कादंबरी वाचताना हात मंदावला म्हणून तिच्यातील नायक मरत नाही.

या समीक्षकाची स्थिती साहित्यशास्त्राच्या दृष्टीने विचारार्ह आहे, कारण रसचर्चेतील एका मूलभूत गृहीतकाला ती छेद देते. अभिनवगुप्ताने रससूत्रावरील आपल्या विवरणात भयानकाचे उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील पळणारे हरीण घेतले आहे. दुष्यंत रथातून त्याचा पाठलाग करीत आहे, धनुष्याला बाण लागलेला आहे, आणि मान वळवून मागे पाहत ते जीव घेऊन धावते आहे. हे वर्णन ऐकणाऱ्या सहृदयाला येणारी भयाची प्रतीती ‘मी भ्यालो’ अशी नसते, ‘हा भ्याला’ अशीही नसते. ती भीती कुणा एकाची उरत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांच्या मर्यादा गळून पडल्यावर जे शिल्लक राहते, ते आस्वाद्य होते. याच विवेचनात अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या विघ्नांची चर्चा केली असून, स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे त्यांपैकी एक विघ्न मानले आहे. नाट्यशास्त्राने तर युद्ध, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असेच सांगून ठेवले आहे.

शूटर खेळ ही सारी व्यवस्था उलटी करतो. जे पडद्यामागे ठेवावयाचे ते तो समोर आणतो. आणि एवढ्यावर न थांबता दुष्यंताचे धनुष्य सहृदयाच्या हाती देतो. बाण सुटावयाचा की नाही, हे आता त्याच्या बोटावर अवलंबून असते. त्याची छाती धडधडते ती स्वतःच्या हरण्याच्या धास्तीने. शास्त्राने ज्याला विघ्न म्हटले, तेच येथे आस्वादाचे साधन झालेले असते. अशा स्थितीत समीक्षकाने दिलेला निवाडा नेमका कशाविषयीचा असतो? कलाकृतीविषयीचा, की तिच्या आत वावरलेल्या त्याच्या हाताविषयीचा? गेल्या तीस वर्षांतील काही निवाडे या प्रश्नाच्या उजेडात तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला निवाडा १९९४ चा. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘डूम’ हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला आणि शूटर या प्रकाराला त्याने पुढील अनेक वर्षांसाठी वळण लावून दिले. ब्रिटनमधील ‘एज’ या मासिकाने त्याला दहापैकी सात गुण दिले. परीक्षण त्या मासिकाच्या रीतीप्रमाणे निनावी होते. त्याच्या शेवटी समीक्षकाने एक विचित्र वाटावी अशी इच्छा व्यक्त केली होती: समोर येणाऱ्या या राक्षसांशी बोलता आले असते, त्यांच्याशी मैत्री करता आली असती, त्यांच्यात युती घडवता आली असती, तर खेळ खऱ्या अर्थाने रंजक झाला असता. खेळणाऱ्यांच्या जगात हे वाक्य पुढे वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होऊन राहिले. नरकातून आलेल्या राक्षसांशी गप्पा मारू पाहणारा समीक्षक हा विषय न समजलेल्या माणसाचा नमुनाच ठरला.

या थट्टेमागे एक रास्त आक्षेप होता, हे मान्य करावयास हवे. कलाकृतीने जे करावयाचे ठरवले आहे त्याच्या बाहेरचे काही तिच्याकडे मागणे, हा समीक्षेतील जुनाच दोष. शोकांतिकेत विनोद नाही अशी तक्रार करण्यासारखेच हे झाले. तथापि त्या निनावी समीक्षकाने नकळत जी जागा दाखवली, ती मोलाची होती. या खेळात खेळणाऱ्याला क्रियापद एकच दिलेले आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. कालिदासाच्या नाटकात बाण सुटण्यापूर्वी एक तपस्वी मध्ये येतो, हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नये, असे सांगतो, आणि राजा बाण उतरवतो. नाटक तेथून सुरू होते. ‘डूम’मध्ये तो तपस्वी नाही, त्याची उणीव समीक्षकाला भासली. पुढे २०१५ मध्ये टोबी फॉक्स याने रचलेल्या ‘अंडरटेल’ या खेळात समोर आलेल्या प्रत्येक राक्षसाशी बोलून, त्याला न मारता पुढे जाण्याची वाट प्रत्यक्षात आली आणि तो खेळ मोठ्या प्रमाणावर नावाजला गेला. थट्टेचा विषय झालेला निवाडा एकवीस वर्षांनी निदान विचार करण्याजोगा ठरला. परीक्षणाचे आयुष्य खेळाच्या विक्रीच्या हंगामापुरतेच असते, या समजुतीला हा एक चांगला अपवाद आहे.

दुसऱ्या टोकाला हाताच्या बाजूने दिलेले निवाडे आहेत. २०१६ मध्ये ‘डूम’ नव्या रूपात आला, तेव्हा समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली ती मुख्यतः त्याच्या गतीविषयी. या खेळात जखमी खेळाडूला आडोशाला लपून बरे होता येत नाही. गलितगात्र झालेल्या शत्रूला अगदी जवळ जाऊन संपवले, की प्राणशक्ती परत मिळते. भीती वाटते त्या दिशेनेच धावावे लागते. २०२० च्या ‘डूम इटर्नल’ने हे व्याकरण आणखी बांधीव केले: दारूगोळा हवा तर करवत, चिलखत हवे तर आगीचा झोत, प्राण हवा तर जवळून केलेला वध. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे सांगितली, ती या रचनेला लावून पाहिली, तर बरेच काही हाती लागते. ओढ आणि माघार, टंचाई आणि भरती, वेग आणि क्षणभराचा ठहराव यांची मांडणी येथे काटेकोर आहे. समीक्षक जेव्हा बंदुकीच्या ‘वजना’विषयी किंवा तिच्या प्रतिसादाविषयी लिहितो, तेव्हा तो याच लयीविषयी बोलत असतो. ही रूपवादी समीक्षा आहे आणि ती आपल्या मर्यादेत प्रामाणिक आहे. मात्र ज्या द्रव्यातून ही लय घडवली आहे ते द्रव्य वधाचे आहे, याविषयी ती मौन पाळते. राक्षस हे राक्षसच असल्यामुळे ते मौन तेथे खपून जाते. समोर माणूस आला की ते खपत नाही.

हे मौन मोडण्याचा एक गंभीर प्रयत्न २००७ मध्ये झाला. केन लेव्हीन याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘बायोशॉक’ त्या वर्षी आला. समुद्राच्या तळाशी वसवलेले रॅप्चर हे नगर, आयन रँडच्या स्वार्थवादी तत्त्वज्ञानावर उभारलेला त्याचा समाज आणि त्याचा झालेला विध्वंस, असा त्याचा आशय. गुणांची बरसात होत असताना क्लिंट हॉकिंग या खेळरचनाकाराने त्याच्यावर एक टीकालेख लिहिला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: खेळाचे नियम खेळणाऱ्याला स्वार्थ साधण्याची मोकळीक देतात, आणि कथा मात्र त्याला दुसऱ्याच्या मदतीला जाण्यास भाग पाडते, तेथे त्याला निवड नाही. क्रीडा आणि कथन यांच्यातील या विसंवादाला त्याने जे नाव दिले, ते पुढे या क्षेत्राच्या समीक्षेत रूढ झाले, आणि वारंवार वापरले गेल्याने काहीसे बोथटही झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला या आक्षेपात घाट आणि आशय यांच्या अद्वैताची जुनी मागणी ओळखू येईल. विशेष हे की हॉकिंग केवळ निवाडा देऊन थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या दिग्दर्शनाखाली ‘फार क्राय २’ प्रसिद्ध झाला. यादवीने पोखरलेल्या एका अनामिक आफ्रिकी देशात घडणाऱ्या या शूटरमध्ये बंदुका गंजतात, ऐन चकमकीत अडकतात, आणि खेळणाऱ्याला मलेरियाचे झटके येतात. धनुष्य हाती आहे, पण त्याची दोरी केव्हा तुटेल याचा भरवसा नाही. टीकाकाराने आपला आक्षेप लेखाच्या बाहेर काढून रचनेच्या पातळीवर तपासला, असे उदाहरण साहित्यातही विरळाच आढळते.

समीक्षकाच्या स्थितीतील पेच सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो २०१२ मध्ये. बर्लिनमधील यागर या संस्थेने तयार केलेला ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ वाळूच्या वादळांनी गाडलेल्या दुबईत घडतो. कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची त्यामागील प्रेरणा खेळातील एका पात्राच्या नावातूनच सूचित होते. कॅप्टन वॉकर आणि त्याचे दोन सहकारी एका टप्प्यावर शत्रूच्या तळावर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतात. खेळणाऱ्याला तो वरून, एका पडद्यावर, पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतो; त्याच पडद्याच्या काचेत वॉकरचा चेहरा प्रतिबिंबित झालेला असतो. नंतर त्याला त्या जळालेल्या तळातून चालत जावे लागते आणि तेथे आश्रयाला असलेले नागरिक आपल्या हातून मारले गेले, हे कळते. मारा टाळण्याचा पर्याय खेळात ठेवलेला नाही.

काही समीक्षकांनी येथे रास्त हरकत घेतली: पर्यायच दिला नसेल, तर दोष खेळणाऱ्याच्या माथी कसा? ब्रेंडन किओ या ऑस्ट्रेलियन समीक्षकाने मात्र त्याच वर्षी या एकाच खेळावर ‘किलिंग इज हार्मलेस’ हे संपूर्ण पुस्तक लिहिले. खेळाच्या प्रकरणांमागून प्रकरणे तो चालत जातो. आपण कुठे थांबलो, कुठे गोळी झाडली, केव्हा अस्वस्थ झालो, याची नोंद करीत जातो. दहापैकी किती, या प्रश्नाला त्यात जागा नाही. एकाच वेळी आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश असण्याचा पेच या लेखनात उघडपणे स्वीकारलेला आहे. न्यायाधीशाचे आसन उंच ठेवण्यापेक्षा साक्ष तपशीलवार देण्याकडे त्याचा कल दिसतो, आणि वाचकाला विश्वास वाटतो तो त्या तपशिलामुळे. सहृदयाच्या हाती धनुष्य आले असेल, तर त्याने आपला हात लपवून लिहिणे हेच अप्रामाणिकपणाचे होईल, हे या पुस्तकातून ध्यानात येते.

या लेखनपद्धतीच्या विरोधात जाणारी सर्वांत मोठी शक्ती म्हणजे अंक. अंकात हात दिसत नाही. कोण खेळले, कोणत्या पातळीवर, किती रात्री जागून, कुठे थबकून, हे सारे ‘आठ’ या आकड्यात विरघळून जाते. हे आकडे पुढे मेटाक्रिटिकसारख्या संकलकाकडे जातात, तेथे त्यांची भारित सरासरी निघते, आणि ती सरासरी माणसांच्या उपजीविकेपर्यंत पोहोचते. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या २०१० च्या खेळाची सरासरी ८५ झाली असती, तर ऑब्सिडियन या निर्मितीसंस्थेला बोनस मिळणार होता; ती ८४ झाली आणि बोनस मिळाला नाही, असे त्या संस्थेतील ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. एका गुणाची ही किंमत कोणत्याही एका समीक्षकाने मनात धरलेली नव्हती. उलट दिशेनेही ही किंमत मोजली गेली आहे. ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या शूटरला जेफ गर्स्टमन यांनी २००७ मध्ये गेमस्पॉटवर दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी त्याच पृष्ठांवर त्या खेळाच्या ठळक जाहिराती झळकत होत्या. नोव्हेंबरअखेरीस गर्स्टमन यांची नोकरी गेली. निवाडा आणि नोकरी यांचा संबंध तेव्हा नाकारला गेला; २०१२ मध्ये मौनाचे बंधन उठल्यावर कमी गुणांच्या परीक्षणांवरून आलेल्या दडपणाची हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली. सहा गुण हा खेळावरचा निवाडा होता. नोकरी जाणे हा निवाड्यावरचा निवाडा.

भारतात या प्रकाराच्या खेळांवर सर्वांत गाजलेला निर्णय समीक्षेच्या क्षेत्रातून आलाच नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि तीत पबजी मोबाइल होता. कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. खेळात काय घडते, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. महाराष्ट्रातील घराघरांतून त्याआधी दोन वर्षे या खेळाविषयी वाद झडत होते, पण ते अभ्यास, झोप आणि व्यसन यांविषयीचे. आकसत जाणाऱ्या वर्तुळात शंभर जण उतरतात आणि एक उरतो, या रूपबंधाला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न त्या वादांत क्वचितच उमटला. २०२१ मध्ये तो खेळ नवे नाव घेऊन परत आला, तेव्हाही तो तसाच राहिला. पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा ॲक्शन खेळ प्रसिद्ध केला. भावाच्या शोधात निघालेल्या, हाती त्रिशूळ आणि धनुष्य घेतलेल्या मुलीच्या या कथेतील चित्रांची आणि वास्तूंची परदेशी परीक्षकांनी वाखाणणी केली, आणि तिच्यातील लढतींना नावे ठेवली. डोळ्याचा निवाडा एक, हाताचा दुसरा. ही फट का पडते, याचे उत्तर देण्याची सामग्री ज्या साहित्यशास्त्रापाशी आहे, त्याने या प्रांतात पाऊल टाकावयास हरकत नसावी.

अलीकडच्या दोन खेळांवरून या समीक्षकापुढील काम किती अवघड झाले आहे, याची कल्पना येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘हेलडायव्हर्स २’ ही लष्करी राष्ट्रवादाची व्याजस्तुती आहे. खेळणारे स्वातंत्र्याच्या घोषणा देत परग्रहांवर कीटकांचा आणि यंत्रमानवांचा संहार करतात. स्तुतीच्या मिषाने निंदा चालली आहे, हे समीक्षकाला कळते. पण चौघांच्या चमूत घोषणा देताना त्याला निखळ आनंदही होत असतो, आणि तो आनंद त्या निंदेला कुठे पोखरतो, हे त्याने सांगितले नाही, तर परीक्षण अर्धेच राहते. दुसरा खेळ ‘कॉनकॉर्ड’. तो २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला सोनीने तो बंद करून ग्राहकांचे पैसे परत केले. त्यानंतर तो कुणालाही विकत घेऊन खेळता आला नाही. त्याची परीक्षणे मात्र आहेत. ‘स्पेक ऑप्स’ही परवान्यांची मुदत संपल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रीतून काढला गेला, किओचे पुस्तक शिल्लक आहे.

साहित्यशास्त्राला हा अनुभव अपरिचित नाही. साधारणीकरणाची कल्पना मांडणाऱ्या भट्टनायकाचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे म्हणणे कळते ते मुख्यत्वे त्याचे खंडन करणाऱ्या अभिनवगुप्तामुळे, आणि खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडण्याची शिस्त त्याने पाळली म्हणून. बंद पडलेल्या शूटरविषयी उद्याच्या अभ्यासकाला जे कळेल ते अशाच कुणाच्या तरी परीक्षणातून. त्याला दहापैकी सहा हा आकडा फारसा उपयोगी पडणार नाही. समोर कोण होते, हाती काय दिले होते, हात कुठे धावला आणि कुठे थांबला, बाण उतरवण्याची सोय होती की नव्हती, एवढे त्या लेखनात असले, तर न उरलेल्या खेळाविषयी त्याला स्वतःचा निवाडा करता येईल. आणि आधीच्या समीक्षकाशी मतभेदही नोंदवता येईल.